मिल, गिरणी, कारखाना

इंग्रजीतल्या 'मिल' या शब्दाला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. जिथे पीठ दळतात ती मिल, जिथे सूत कातून कापड विणतात तीही मिल. ऊस पिळणारी, तेल गाळणारी, लाकूड चिरणारी, कागद करणारी, पोलादाच्या कांबी लाटणारी अशा साऱ्याच यंत्रांना आणि त्यांच्या इमारतींना इंग्रजीत हे एकच नाव पुरते. मराठीत मात्र जाते, चक्की, गिरणी, घाणा, चरक, कारखाना आणि वखार हे शब्द ते काम वाटून घेतात. त्यातल्या कुठल्या शब्दाची हद्द कुठे संपते हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. 'साखरेची गिरणी' असे कोणी म्हणाले तर ते ऐकणाऱ्याला लगेच खटकते, आणि 'सूतकारखाना'ही तितकाच खटकतो. या हद्दी कशा आखल्या गेल्या हे पाहायला सोलापूरसारखे ठिकाण नाही, कारण 'मिल'चे बहुतेक सगळे अर्थ या एका जिल्ह्यात प्रत्यक्ष चालू आहेत किंवा परवापरवापर्यंत चालू होते.

शब्दाचे मूळ दळण्यात आहे. लॅटिनमध्ये दळणे म्हणजे 'मोलेरे', जात्याचा दगड म्हणजे 'मोला' आणि दळण्याची जागा म्हणजे 'मोलिना'. या 'मोलिना'वरून जुन्या इंग्रजीत 'म्यूलेन' झाले आणि त्याचे घासत घासत 'मिल' झाले. फ्रेंचांचे 'मूलां', स्पॅनिशांचे 'मोलिनो' आणि जर्मनांचे 'म्यूले' त्याच घरातले. पॅरिसच्या प्रसिद्ध 'मूलां रूज' या नृत्यगृहाच्या नावाचा अर्थ 'लाल चक्की' एवढाच आहे. इंग्रजांत मिलर, जर्मनांत म्यूलर आणि स्पॅनिश भाषकांत मोलिना ही आडनावे इतकी सर्रास आढळतात, कारण युरोपातल्या गावोगावी दळण दळून देणारा एक तरी माणूस असेच. दाढेला इंग्रजीत 'मोलर' म्हणतात तेही अन्न दळते म्हणूनच.

दळण्याचा हा शब्द कापडाकडे कसा गेला, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही. युरोपात धान्य दळण्यासाठी मोठी जाती पाण्याच्या चाकावर फिरवीत. नदीकाठी चाक, चाकाला जोडलेला आस आणि आसाला जोडलेला दगड अशी ती रचना होती. मध्ययुगातच लोकांच्या लक्षात आले की त्या आसाला दगडाऐवजी दुसरे काहीही जोडता येते. लाकडी हातोडे जोडले की ओले लोकरी कापड बडवून घट्ट करता येते, चिंध्या कुटून कागदाचा लगदा करता येतो, करवत जोडली की ओंडके चिरता येतात. या सगळ्या जागांना लोक 'मिल'च म्हणत राहिले. 'मिल' म्हणजे दळण्याची जागा हा अर्थ हळूहळू मागे पडला आणि चाकाच्या शक्तीवर काम होणारी जागा हा अर्थ पुढे आला. १७२१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये डर्बी येथे रेशमाला पीळ देणारी मोठी मिल उभी राहिली. १७७१ साली रिचर्ड आर्कराइटने क्रॉमफर्ड येथे पाण्याच्या जोरावर सूत कातायला सुरुवात केली, तेव्हा त्या इमारतीला 'कॉटन मिल' म्हणण्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. पुढे पाण्याची जागा वाफेने घेतली, वाफेची विजेने घेतली, पण नाव टिकले. कापडाच्या मिलमध्ये काहीही दळले जात नाही, तरी ती मिल आहे ती या वाटेने.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन केली आणि हा शब्द आपल्याकडे आला. सोलापुरात तो आणला मुरारजी गोकुळदास यांनी. त्यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १८७७ साली सुरू झाली. पुढे शहरात आणखी गिरण्या आल्या तेव्हा ही पहिली 'जुनी मिल' झाली, आणि शहराच्या बोलण्यात व पत्त्यांत तेच नाव कायम राहिले. मुरारजींचे नाव शेजारच्या मुरारजी पेठेत आहे.

सोलापूरच्या जुन्या गिरण्यांची नोंदणीतली नावे एकाखाली एक ठेवली की एक गोष्ट ठळकपणे दिसते. पहिलीचे नाव सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे 'कातणारी आणि विणणारी कंपनी'. दुसऱ्या एकीचे नरसिंगगिरजी मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, तिसरीचे लक्ष्मी कॉटन मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. विष्णू कॉटन मिल्सच्या नावात 'मिल' होते. तसेच ते १९०७ साली स्थापन झालेल्या आणि नवानगरच्या जामसाहेब रणजितसिंहजींचे नाव घेतलेल्या जामश्री रणजितसिंहजी स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल्सच्या नावातही होते. म्हणजे निम्म्याहून अधिक ठिकाणी 'मिल' हा शब्द मुळात पाटीवर नव्हताच. तो कामगारांच्या आणि शहराच्या तोंडचा शब्द. नरसिंगगिरजी मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची 'एन. जी. मिल' झाली, लक्ष्मी आणि विष्णू एकत्र येऊन 'लक्ष्मी-विष्णू मिल' झाली, जामश्रीची 'जाम मिल' झाली. इंग्रजी शब्द साहेबाच्या कागदातून आपल्याकडे उतरतात असे समजण्याची सवय आहे. सोलापुरात कागदावर 'कंपनी' होती आणि रस्त्यावर 'मिल' होती.

पाटीवरचे शब्दही बघण्यासारखे आहेत. 'मॅन्युफॅक्चर' हा लॅटिनमधल्या 'मानुस' म्हणजे हात आणि 'फाकेरे' म्हणजे करणे या दोहोंतून आला. त्याचा मूळ अर्थ हाताने केलेले. यंत्रांच्या काळात तोच शब्द यंत्रावर घाऊक उत्पादन करण्याला लावला गेला आणि हाताने केलेल्या मालासाठी इंग्रजीला 'हँडमेड' हा वेगळा शब्द वापरावा लागला.

जुन्या मिलचे कागदावरचे नाव मात्र एका कारणाने देशभर गाजले. ऑगस्ट १९४९ मध्ये ही गिरणी बंद पडली आणि हजारो कामगार बेकार झाले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. पाठोपाठ संसदेने या एकाच कंपनीसाठी कायदा केला. त्याचे नाव सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी (तातडीच्या तरतुदी) कायदा, १९५०. एका कंपनीपुरता कायदा करणे समानतेच्या हक्काला धरून आहे का, हा प्रश्न चिरंजितलाल चौधरी या भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात नेला. डिसेंबर १९५० मध्ये बहुमताने त्याची याचिका फेटाळली गेली. त्यानंतर द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या भागधारकाच्या दाव्यात, डिसेंबर १९५३ मध्ये, न्यायालयाने उलट बाजूने निकाल दिला. कारभार असा काढून घेणे म्हणजे मोबदल्याशिवाय मालमत्ता हिरावून घेणेच आहे, असे ठरवून तो कायदा अवैध ठरवला गेला. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जे निकाल होते त्यांत हा एक आहे. संविधानाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे दोन्ही निकाल वाचावे लागतात. त्या कागदांतली 'कंपनी' म्हणजे सोलापूरकरांची जुनी मिल, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

'मिल'च्या जोडीने सोलापुरात चालतो तो शब्द 'गिरणी'. हा शब्द पीठ आणि कापड दोन्हींना लागतो. 'गिरणीत गेलाय' या वाक्याचा अर्थ घरच्या दळणाचा डबा घेऊन गेला असाही होतो आणि कामाच्या पाळीवर गेला असाही होतो. ऐकणारा तो संदर्भावरून ओळखतो. ग्रामीण भागात पिठाच्या गिरणीला 'गिरण' असेही म्हणतात. मुंबईत याच शब्दाने 'गिरणगाव' घडवले आणि १९२८ साली स्थापन झालेल्या 'गिरणी कामगार युनियन'मुळे तो राजकारणाच्या शब्दकोशात गेला. सोलापुरालाही गिरणगाव म्हणतात. या शहराची खासियत अशी की 'गिरणी' इथे एकट्या मराठीची नाही. कन्नडमध्ये पिठाच्या गिरणीला 'हिट्टिन गिरणी' म्हणतात, तेलंगणातल्या तेलुगूत 'गिर्नी' म्हणतात. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा घराघरांत बोलणाऱ्या शहरात तिघांनाही कळणारा हा शब्द आहे. गुजरातीत मात्र पिठासाठी 'घंटी' आणि कापडासाठी 'मिल' असे दोन वेगळे शब्द आहेत, हिंदीत 'चक्की' आणि 'मिल'. दळण आणि कापड यांना एकाच नावाखाली ठेवण्याची इंग्रजीची रीत दख्खनच्या या पट्ट्यात 'गिरणी'ने जशीच्या तशी पाळली.

'गिरणी'पासून मराठीने एक पक्का जोडशब्द केला, तो म्हणजे सूतगिरणी. केवळ सूत कातणाऱ्या गिरणीला इंग्रजीत 'स्पिनिंग मिल' म्हणतात. कातणे आणि विणणे दोन्ही एकाच छताखाली होते तिला 'कॉम्पोझिट मिल' म्हणतात, आणि जुनी मिल त्या प्रकारची होती. सहकारी चळवळीत ज्या सूतगिरण्या निघाल्या त्यांत सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी दिवंगत आमदार गणपतराव देशमुख यांच्या नावाशी जोडलेली आहे. अशा संस्थेला 'सूतमिल' कोणी म्हणत नाही. तिची क्षमता 'चात्यां'त मोजतात. चाती म्हणजे ज्यावर सूत गुंडाळले जाते ती कांडी, इंग्रजीत 'स्पिंडल'. हाताच्या चरख्याचा हा शब्द मोठ्या यंत्राच्या मोजमापाला लागला.

विणण्याचा धंदा गिरणीबाहेर पडून यंत्रमागांवर आला तेव्हा मात्र 'मिल' आणि 'गिरणी' दोन्ही शब्द मागे राहिले. सोलापुरी चादर आणि टॉवेल ज्या शेडमध्ये विणले जातात तिला 'कारखाना' म्हणतात आणि मालकाला 'कारखानदार'. सरकारी आकडेवारीतही हातमाग, यंत्रमाग आणि गिरणी अशी तीन स्वतंत्र क्षेत्रे मानली जातात. यंत्रमागाचा माल 'मिलचे कापड' या सदरात बसत नाही. विणण्याची क्रिया तीच, वीजही तीच, पण शब्द वेगळा, कारण 'मिल' या शब्दाला सोलापुरात एक आकारमान चिकटले आहे: उंच चिमणी, भोंगा, तीन पाळ्या, चाळी आणि हजारो माणसे. पाच-दहा मागांच्या शेडला ते नाव कोणी देत नाही.

चिमणीचाही इथे उल्लेख करायला हवा. 'चिमणी' म्हटले की मराठीत पाखरू, रॉकेलचा लहान दिवा आणि कारखान्याचे धुराडे असे तीन अर्थ होतात. पाखराचे नाव आपले जुने आहे. धुराड्याचे नाव इंग्रजी 'चिम्नी'चे आहे, आणि दोन शब्द केवळ उच्चाराने एकमेकांत मिसळले. १५ जून २०२३ रोजी होटगी रस्त्यावरच्या विमानतळासाठी श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची उंच चिमणी पाडली गेली, तेव्हा वृत्तपत्रांच्या मथळ्यांत केवळ 'चिमणी' एवढेच लिहिलेले पुरले. शहरात कोणाचाही गैरसमज झाला नाही.

आता 'मिल'च्या मूळ अर्थाकडे, दळण्याकडे, येऊ. घरच्या हातजात्याला इंग्रजीत 'क्वर्न' किंवा 'हँडमिल' असा शब्द आहे. महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्या गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावी फिरून गोळा केल्या. लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह इंग्रजीत 'ग्राइंडमिल साँग्ज' या नावाने ओळखला जातो. नुसते 'मिल साँग्ज' म्हटले असते तर ती गिरणी कामगारांची गाणी वाटली असती. ज्या शब्दाचा अर्थच दळण्याचे साधन होता त्याला दळण्याचा अर्थ परत मिळवून देण्यासाठी पुढे 'ग्राइंड' जोडावे लागले, इतका तो कापडाकडे झुकला होता.

'जाते' हा शब्द संस्कृत 'यंत्र' पासून आला आहे. 'यंत्र'चे प्राकृतात 'जंत' झाले, मराठीत 'जांते' आणि मग 'जाते'. घरातले पहिले यंत्र तेच होते, म्हणून त्याला नुसते 'यंत्र' म्हटले तरी पुरत असावे. सोलापुरात याच शब्दाची दोन रूपे आजही शेजारी नांदतात: घरात पडून असलेले जाते आणि पलीकडच्या शेडमध्ये खडखडणारा यंत्रमाग. जात्याचा दगड वापरून गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावावी लागे. हे काम करणारे टकारी गावोगाव फिरत, आणि त्यांच्या समाजाचे नाव त्या टाकीवरूनच पडले.

'चक्की' चक्रापासून आली. फिरणाऱ्या वस्तूचे नाव यंत्राला मिळाले. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की ही युरोपीय 'वॉटरमिल'ची महाराष्ट्रातली सख्खी बहीण. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याच्या आवारात दुरून आणलेल्या पाण्याच्या जोरावर ती धान्य दळत असे. 'पवनचक्की'ने मात्र अर्थ पार बदलला. साताऱ्याच्या डोंगरावर किंवा पठारावर जे तीन पात्यांचे उंच खांब दिसतात ते वीज तयार करतात, दाणाही दळत नाहीत. इंग्रजी तंत्रज्ञ त्यांना 'विंड टर्बाइन' म्हणून 'विंडमिल'पासून वेगळे करतात. मराठीने जुनाच शब्द पुरवला आणि तो चांगला चालला आहे.

सोलापूर जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडलेली मालदांडी ही जात राज्यभर पोचली. त्यामुळे इथल्या पिठाच्या गिरणीत ज्वारीचे दळण हा मुख्य व्यवहार. गव्हाचे दळण चालू असेल तर ज्वारीचा डबा थांबवून ठेवतात, कारण पिठे एकमेकांत मिसळली तर भाकरी नीट थापता येत नाही. इंग्रजीत या सगळ्याला 'फ्लोअर मिल' एवढाच शब्द आहे. मराठीत मात्र यंत्रापेक्षा क्रियेला जास्त शब्द आहेत. ज्वारी दळतात, डाळ भरडतात, भात कांडतात, मिरची कुटतात. मिरची-मसाल्याच्या दुकानावर 'कांडप' लिहिलेले असते, 'गिरणी' नाही, कारण तिथे दगड फिरत नाही, मुसळ वरखाली होते. इंग्रजीने चाक पाहून नाव दिले, मराठीने हाताची हालचाल पाहून दिले. भाषांतर करणाऱ्याने आधी विचारायचे ते यंत्र काय करते हे. नाव त्यातून आपोआप मिळते. 'डाळ मिल' आणि 'ऑइल मिल' हे दोन शब्द मात्र इंग्रजीतूनच आले आणि मराठी पाट्यांवर कायमचे बसले. बार्शीच्या बाजारात तूरडाळीसाठी 'डाळ मिल' इतके रुळले आहे की तिथे 'भरड गिरणी' वगैरे प्रतिशब्द सुचवणे वेळ दवडणे ठरेल.

तेलासाठी मराठीचा जुना शब्द 'घाणा'. लाकडी उखळ, त्यात फिरणारी लाट आणि गोल फिरणारा बैल अशी ती रचना. या शब्दाचे स्वतःचे अर्थ 'मिल'इतकेच पसरले आहेत. कढईत एका वेळी जितक्या पुऱ्या किंवा भजी तळून निघतात तोही घाणा. लग्नाआधी घाणा भरण्याचा विधी असतो. आणि तेच ते काम करत राहणाऱ्या माणसाला घाण्याचा बैल म्हणतात. सोलापूर हे करडईच्या पिकाचे आणि तिच्यावरच्या संशोधनाचे जुने केंद्र. करडईचे तेल ऑइल मिलमधल्या एक्स्पेलरवर निघू लागल्यावर घाणा मागे पडला होता. आता 'लाकडी घाण्याचे तेल' अशी पाटी पुन्हा दिसू लागली आहे, आणि तो शब्द विक्रीला मदत करतो.

उसाकडे वळले की शब्दांची वाटणी आणखी स्पष्ट होते. शेतातल्या उसाच्या यंत्राला चरक, आणि चरक, काहील, चुलाण मिळून होणाऱ्या सगळ्या मांडणीला गुऱ्हाळ. मोठ्या प्रमाणावर साखर करणारी जागा मात्र फक्त 'कारखाना'. उत्तर प्रदेशात तिलाच 'चीनी मिल' म्हणतात. १९३२ साली स्थापन झालेल्या देशातल्या खासगी साखर उद्योगाच्या संघटनेच्या मूळ नावात 'शुगर मिल्स' होते, आणि सहकारी कारखान्यांच्या राष्ट्रीय महासंघाच्या नावात 'शुगर फॅक्टरीज' आहे. महाराष्ट्राचा ओढा पहिल्यापासून 'फॅक्टरी'कडे राहिला. माळशिरस तालुक्यात माळीनगरला १९३० च्या दशकात शेतकऱ्यांनी उभी केली तीही सासवड माळी शुगर फॅक्टरी. साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा आज राज्यात आघाडीवर आहे, आणि तिथे नुसते 'कारखान्यावर गेलाय' म्हटले की साखर कारखाना समजायचा. 'मिल' हा शब्द त्या कारखान्याच्या पोटात जिवंत आहे. उसाचे तुकडे ज्या लोखंडी रोलरांच्या जोड्यांमधून पिळले जातात त्या प्रत्येक संचाला 'मिल' म्हणतात. तीन रोलरांची एक मिल, अशा चार-सहा मिल एका रांगेत, आणि त्या विभागाचे नाव 'मिल हाउस'. म्हणजे उत्तरेत पूर्ण कारखान्याचे जे नाव, ते इथे त्याच्या एका अवयवाचे. क्रियेसाठी मराठीने इथे 'गाळप' हा शब्द घेतला. इंग्रजीत ऊस 'क्रश' करतात, म्हणजे चिरडतात, मराठीत गाळतात. इंग्रजी शब्दाचे लक्ष उसाकडे, मराठी शब्दाचे रसाकडे.

'कारखाना' आणि 'फॅक्टरी' या दोन शब्दांनी मोठा प्रवास केला आहे. कारखाना हा फारसी शब्द: 'कार' म्हणजे काम आणि 'खाना' म्हणजे जागा. शिवकालात अठरा कारखाने आणि बारा महाल असत. त्यांत तोफखाना, जवाहिरखाना, अंबारखाना अशी खाती येत, म्हणजे तिथे वस्तू बनत त्यापेक्षा साठवल्या आणि सांभाळल्या जात. 'फॅक्टरी'चाही पहिला अर्थ तसाच होता. कंपनीचा अडत्या म्हणजे 'फॅक्टर', आणि तो राहून माल साठवतो ती 'फॅक्टरी'. ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकाच्या आरंभी सुरतेला जी 'फॅक्टरी' काढली तिला मराठी इतिहासकार वखार म्हणतात आणि ते अगदी बरोबर आहे. तिथे एक धागाही विणला जात नव्हता. जुन्या पत्रांचे भाषांतर करताना 'फॅक्टरी'चा 'कारखाना' केला की सुरतेत यंत्रे धडधडू लागतात, आणि ही चूक पाठ्यपुस्तकांतही होऊ शकते.

वखारीची गाठ 'मिल'शी दुसऱ्या वाटेनेही पडते. लाकूड चिरण्याच्या जागेला इंग्रजीत 'सॉ मिल'. मराठी गावात तिला लाकडाची वखार म्हणतात, कारण लोक तिथे चिरण्यासाठी कमी आणि साठवलेले लाकूड विकत घेण्यासाठी जास्त जात.

'मिल'चे काही अर्थ कार्यशाळेतले आहेत आणि ते थोडक्यात सांगता येतात. तापलेले पोलाद रोलरांमधून दाबून कांबी काढणारी ती रोलिंग मिल. जालन्यात अशा मिल आहेत. दातेरी फिरत्या चाकाने धातू कापणे हे मिलिंग, आणि त्याचे यंत्र मिलिंग मशीन. आयटीआयचे विद्यार्थी हे शब्द मराठी बोलतानाही असेच वापरतात. सिमेंट करताना क्लिंकर आणि जिप्सम ज्या फिरत्या पिंपात पोलादी गोळ्यांनी दळतात ती बॉल मिल. सोलापूरजवळ होटगीला सिमेंट दळण्याचे काम होते, आणि अशा कारखान्याला इंग्रजीत 'ग्राइंडिंग युनिट' म्हणतात. 'प्लँट' आणि 'वर्क्स' हे दोन समानार्थी शब्दही 'मिल'च्या शेजारी येतात. प्लँट म्हणजे बसवलेली यंत्रसामग्री, वर्क्स म्हणजे धातू, गॅस, पाणी किंवा सिमेंट यांचे मोठे काम. लोखंडाचे 'वर्क्स' असते, पिठाचे नसते.

वाक्प्रचारांत इंग्रजी 'मिल' पुन्हा दळण्याकडे वळते. 'थ्रू द मिल' गेलेला माणूस म्हणजे मराठीत भरडून निघालेला. गळ्यातला 'मिलस्टोन' म्हणजे आपली गळ्यातली धोंड. अफवांच्या 'मिल'ला मराठीत चर्चेचे गुऱ्हाळ जवळचे आहे, तरी अफवा आणि चर्चा यांतला फरक भाषांतर करताना पाहावा लागतो. पैसे घेऊन पदव्या देणारी 'डिग्री मिल' म्हणजे पदव्यांचा कारखाना. इथे 'गिरणी' बसत नाही. 'रन ऑफ द मिल' हा एकच प्रयोग गिरणीच्या धंद्यातून आला. निवड-प्रतवारी न करता यंत्रातून जसा येईल तसा माल, त्यावरून साधारण, सामान्य असा अर्थ झाला. मराठीचे वाक्प्रचार जात्याशी जास्त जोडलेले आहेत. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, आणि तेच ते बोलणाऱ्याचे दळण. 'मिल' मराठीत येऊन पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी तिच्यावर एकही म्हण झालेली नाही. म्हणी अजून जात्याच्याच आहेत.

'ट्रेडमिल'चा इतिहास मात्र कठोर आहे. १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने कैद्यांसाठी पायऱ्यांचे मोठे चाक बनवले. कैदी तासन्‌तास त्यावर चढत राहत, आणि काही तुरुंगांत त्यांच्या पायांच्या जोरावर खरोखरच धान्य दळले जाई, म्हणून त्यात 'मिल'. शिक्षेचे ते यंत्र बंद झाले आणि त्याच नावाचे दुसरे यंत्र आज व्यायामशाळेत आहे.

शेवटी एका भलत्याच 'मिल'चा हिशेब. अमेरिकेत डॉलरच्या हजाराव्या भागालाही 'मिल' म्हणतात आणि घरपट्टीचा दर त्यात सांगतात. हा शब्द दळण्याचा नाही. लॅटिनमध्ये हजाराला 'मिले' म्हणतात, त्यापासून तो आला. मिलिमीटर, मिलिलीटर आणि औषधाच्या बाटलीवरचे 'मिली' त्याचेच. रोमन सैन्याच्या हजार दुहेरी पावलांचे अंतर ते 'माइल', आणि त्याचा आपला मैल. कोशात हे दोन 'मिल' वेगवेगळ्या नोंदींत दिलेले असतात. एकाच शब्दाचे अर्थ वाढत जाणे वेगळे आणि दोन निराळे शब्द योगायोगाने सारखे दिसणे वेगळे. पीठ, सूत, ऊस आणि पोलाद यांच्या मिल पहिल्या प्रकारात येतात, मैल आणि मिली दुसऱ्या.